रात्रीचा घाट, धुकं आणि मी हौसेनं जोडून घेतलेली ती एक वायर

तर झालं असं की आम्ही चौघं रात्री नऊला निघालो, साधारण ३४० किलोमीटर, त्यातला शेवटचा ६० चा पट्टा घाटाचा. गाडी मी चालवत होतो, शेजारी मेहुणा, मागे बायको आणि पोरगी. रात्री घाटातून जाणाऱ्यांसाठी लिहितोय, पण रस्त्यापेक्षा लाइटबद्दलच जास्त होणार आहे, कारण आमची अख्खी ट्रिप त्या लाइटनीच गाजवली.

आधी एक कबुली. माझ्या गाडीत कंपनीचं वायरिंग असं होतं की अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबवर जाणारा झोत, टाकला की पुढचे फॉग लॅम्प, म्हणजे धुक्यासाठीचे खालचे दिवे, आपोआप बंद. मला वाटायचं हा काय कंजूषपणा, दिवे दिलेत तर सगळे एकदम लागू द्या ना! म्हणून एका इलेक्ट्रिशियनकडून रिलेची वायर बदलून घेतली, म्हणजे अप्पर आणि फॉग दोन्ही एकत्र चालू. पहिल्या रात्री बोनेटपुढे असा काही उजेड पडला की मी खूश, जाम खूश.

आता सपाट रस्त्यावरचा अनुभव. हवा स्वच्छ, रस्ता रिकामा, मी दोन्ही लावून ऐंशीनं निवांत चाललोय. मेहुणा म्हणाला, "दाजी, एक मिनिट फॉग बंद करा बरं." केले. पहिल्यांदा वाटलं अंधार झाला, गाडीपुढचा झगझगाट गेला ना. पण दोन-तीन मिनिटांत लांबचे किलोमीटरचे दगड, झाडांचे बुंधे, एका ट्रॉलीचा रिफ्लेक्टर, सगळं आधीपेक्षा लवकर दिसायला लागलं. माझा आधी विश्वासच बसेना, म्हणून परत चालू करून बघितले, परत बंद केले, तेच.

कारण सोपं आहे पण डोक्यात यायला वेळ लागतो. फॉग लॅम्प खाली बसवलेला असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा, वरून कापलेला, तो पडतो गाडीपुढच्या थोड्याशा रस्त्यावर आणि दोन्ही कडांना. अप्परचं काम लांबचं दाखवायचं. दोन्ही एकत्र लावले की जवळचा रस्ता इतका उजळतो की डोळ्याची बाहुली बारीक होते, नजर पण तिथेच खिळते, आणि लांबचा अंधुक भाग अजूनच काळा वाटतो. उजेड वाढला म्हणून दिसणं वाढलं असं आपल्याला वाटतं, पण ऐंशीच्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, तिथे पुढचे पंधरा मीटर लख्ख दिसून करायचंय काय? तेवढ्यात तर ब्रेकवर पायसुद्धा जात नाही.

समोरून येणाऱ्यांचा त्रास वेगळाच. मी इमानदारीत डिपर, म्हणजे हेडलाइटचा खाली पडणारा झोत, द्यायचो तरी दोघा-तिघांनी मला अप्पर मारले आणि मी मनातल्या मनात त्यांनाच शिव्या घातल्या. नंतर कळलं की डिपर दिला तरी माझे फॉग चालूच राहायचे, आणि त्यातला एक थोडा वर उचललेला होता. त्यात डिकी सामानानं गच्च, म्हणजे गाडीचं नाक अजून वर. स्टिअरिंगजवळ हेडलाइट खाली-वर करायची गोल चकती असते ना ०, १, २, ३ अशी, ती सामान असताना १ किंवा २ वर न्यायची असते, मी इतक्या वर्षांत तिला हातही लावला नव्हता.

मग घाट. पहिली पाच-सहा वळणं ठीक, आणि एका वळणानंतर धुकं असं आलं की समोर कुणी पांढरी चादर धरल्यासारखं. माझा हात सवयीनं अप्परवर, आणि होता नव्हता तेवढा रस्ताही गायब! नुसती पांढरी भिंत. धुक्यात हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात, अप्परचा झोत नजरेच्या रेषेत सरळ पुढे जातो आणि त्या थेंबांवरून उलटा आपल्याच डोळ्यात येतो. मेहुणा जवळपास ओरडलाच, "दाजी, अप्पर काढा आधी!" काढला. डिपर आणि फॉग एवढंच ठेवलं, आणि मग कडेची पांढरी रेघ दिसायला लागली, फार नाही, वीसेक मीटर, पण दिसली. इथे फॉग लॅम्पची खरी किंमत कळली. त्याचा उजेड नजरेच्या खालून जातो म्हणून उलटा कमी येतो, आणि रुंद असल्यामुळे रेघ आणि कठडा दोन्ही सापडतात.

वेगाचा हिशोब आम्ही तिथेच चालत्या गाडीत केला. तीसच्या वेगाला एक सेकंद विचारात गेला तर आठ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला अजून सात-आठ, म्हणजे पंधरा-सोळा मीटरमध्ये गाडी थांबते. साठला हेच पंचेचाळीसच्या आसपास जातं. वीस मीटर दिसत असताना साठनं जाणारा माणूस आंधळाच चालवतोय, आणि तसे दोघं आम्हाला ओव्हरटेक करून गेलेही, हॅझर्ड लावून, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकत ठेवून! चालत्या गाडीला हॅझर्ड लावू नका हो, बऱ्याच गाड्यांत त्यामुळे इंडिकेटर चालत नाही, आणि मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात की जाताय.

काचेवर आतून वाफ धरत असेल तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, मला दहा मिनिटं वाटत होतं बाहेरचंच धुकं वाढलंय. वळणावर खिडकी दोन बोटं खाली ठेवली तर समोरच्याचा हॉर्न आधी ऐकू येतो. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याला धरून जायचा मोह होतो, आम्हालाही झाला, पण अंतर ठेवा, तो चुकला की तुम्ही पण चुकलात. आणि लाइट ऑटोवर सोडू नका, विशेषतः पहाटे, कारण धुक्यात उजेड असतो, सेन्सरला वाटतं दिवस आहे आणि मागचे दिवे लागतच नाहीत.

पिवळे फॉग धुकं कापतात असं सगळेच सांगतात, मलाही पिवळे बसवायचे होते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पांढरा-पिवळा असा भेद फारसा करत नाहीत. काहींच्या डोळ्यांना पिवळा कमी टोचतो एवढंच. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइटच पिवळे असायचे.

घाट उतरलो, धुकं संपलं, आणि मागचा ट्रकवाला अप्परवर अप्पर. आता काय झालं याला? बायको म्हणाली, "अहो, तो मागचा लाल दिवा चालूय का बघा." होताच! मागचा फॉग लॅम्प ब्रेक लाइटइतका प्रखर असतो, धुक्यात उपयोगी, स्वच्छ हवेत मागच्याला छळ, शिवाय तुम्ही ब्रेक मारला की नाही तेही त्याला नीट कळत नाही. जर्मनीत तो ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच लावता येतो आणि तेव्हा वेगही ५० च्या वर नेता येत नाही. धुकं संपलं की पहिलं काम ते बटण.

पोचल्यावर दुसऱ्या संध्याकाळी एका भिंतीसमोर सपाट जागेत १० मीटरवर गाडी लावून बघितलं. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडायला हवी. हेडलाइट बरोबर होते. फॉगची कडसुद्धा दिव्याच्या उंचीखालीच राहायला हवी, माझा डावा फॉग मात्र चक्क वर बघत होता. स्क्रूनं तिथेच खाली घेतला.

येताना घाटात धुक्याचा पत्ता नव्हता, मेहुण्यानं चालवली आणि मी झोपलो. परत आल्यावर इलेक्ट्रिशियनकडे गेलो, म्हटलं ती वायर पहिल्यासारखी करून दे. तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो साहेब, तुम्ही ऐकलं नाही." मला तर असं काही आठवत नाही, पण वाद घातला नाही. दहा मिनिटांचं काम होतं.