फोंड्याहून पाहुणे येणार असतील तर स्कीचं गाव कसं निवडावं

थंडी सुरू झाली की फोंडा-म्हापशाहून आमच्या स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या घरी फोन यायला लागतात. "आम्ही सगळे येतोय, स्कीला कुठे जायचं गो?" या 'सगळे'मध्ये कोण कोण असतं ते सांगते. गुलमर्गला एकदा घसरून आलेला आणि आता सगळं येतं असं समजणारा दादा. उंचीवरून खाली बघितलं की डोळे मिटणारी वहिनी. त्यांची दोन मुलं, एक चौदा वर्षांची, एक सहा वर्षांचा. आणि आई, जिचे गुडघे मंगेशीच्या पायऱ्यांवरच कुरकुरतात. आमच्या बाजूने नवरा, ज्याला काळ्या, म्हणजे सर्वांत कठीण, उतारांशिवाय चैन पडत नाही, आणि निळ्या, सोप्या उतारांवर सुखात असलेली मी.

दादा माहितीपत्रकं वाचतो आणि विचारतो, कुठे किती किलोमीटरचे उतार आहेत? अशा कुटुंबाला त्या किलोमीटरांचा काडीचा उपयोग नाही. दोनशे किलोमीटर असोत नाहीतर वीस, नवशिका आठवडाभर त्याच शंभर मीटरवर पडत-उठत असतो. मी एवढंच बघते: दुपारी एक वाजता सगळे एका टेबलावर बसू शकतील का? आणि स्की न करणारा माणूस कुणाचा हात न धरता तिथवर पोचेल का?

म्हणून आमचं उत्तर बहुतेक वेळा वेंगेन असतं. गाव १२७४ मीटरवर आहे आणि तिथे मोटारीने जाताच येत नाही. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेन, तिथून दातेरी रुळांवरची गाडी. हीच गाडी पुढे २०६१ मीटरवरच्या क्लायने शायडेकला जाते, आणि तिच्यात स्कीवाले, बाबागाडीवाले, काठीवाल्या आज्या सगळे एकत्र बसतात. खरी गंमत तिथेच आहे. खुर्चीच्या लिफ्टवर पाय लोंबकळत बसायला वहिनी सात जन्मांत तयार होणार नाही, पण आगगाडीत बसायला कुणाची हरकत असणार? आई वर येते, समोर ३९६७ मीटरचा आयगर बघत उन्हात बसते, नवरा काळ्या उतारावरून तिथेच उतरतो, आणि मी निळ्यावरून रमतगमत. घाबरलेल्याला उतार अर्धवट सोडून गाडीने खाली येता येतं. ही सोय सगळीकडे नसते. काही गावांत लिफ्टने वर गेलात की खाली यायला एकच लाल, म्हणजे मध्यम कठीण, उतार उरतो, आणि तिथे मग रडारड होते.

गावात, घरांच्या मधोमध, नवशिक्यांचा छोटा उतार आहे. सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं, वर जायचं, घसरत खाली यायचं. पहिले दोन-तीन दिवस मुलांना यापलीकडे काही लागत नाही, आणि सगळ्या लिफ्टचा पूर्ण पासही लागत नाही. एका दिवसाचा पास मोठ्या माणसाला सत्तर फ्रँकच्या पुढे जातो, तेव्हा घाई करू नका. आईला तिथे बाकावर बसून नातू किती वेळा पडला ते मोजता येतं.

रंगांबद्दल थोडं, कारण दादाचा त्यात घोळ आहे. निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. फ्रान्समध्ये निळ्याखाली हिरवाही असतो. निळ्या उताराचा चढ साधारण पंचवीस टक्क्यांच्या आत, लालचा चाळीसच्या आत. पण रंग फक्त चढ सांगतो. उतार किती अरुंद आहे, संध्याकाळी त्यावर बर्फाचा कडक पापुद्रा झाला आहे का, माणसं किती आहेत, हे तो सांगत नाही. चार वाजता थकलेल्या पायांनी गावाकडे उतरणारा निळा उतार सकाळच्या लालपेक्षा वाईट. आणखी एक: पुढे असलेल्याचा मान पहिला, मागून येणाऱ्याने त्याला सांभाळून जायचं. हा नियम दादाला पाठ करून घ्यायला सांगितला आहे.

माटरहॉर्न शिखराच्या फोटोसाठी सगळ्यांना झेरमाट हवं असतं. १८९८ पासूनची गोर्नरग्राटची गाडी आहे, ३०८९ मीटरवर नेते, आईसाठी उत्तम. पण लहानांना शिकायची जागा गावात नाही, दोराने ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर गाडीने वर सुन्नेगाला न्यावं लागतं, म्हणजे रोज सकाळी एकाने मुलांची हमाली करायची. वेंगेनच्या समोरच्या कड्यावरचं म्यूरेन सुंदर आहे, पण तिथले उतार नवऱ्यासारख्यांना शोभतात. फक्त लहान मुलं असतील तर मी ऑस्ट्रियातलं सेरफाउस सांगेन. स्वित्झर्लंडपेक्षा खिशाला बरं, आणि गावात मोटारी नकोत म्हणून १९८५ पासून जमिनीखालून फुकट गाडी धावते. खेड्यात मेट्रो! मुलांना स्कीपेक्षा तीच जास्त आवडते.

ग्रिंडेलवाल्डजवळ फाउलहॉर्नहून घसरगाडीचा १५ किलोमीटरचा रस्ता आहे, हेही दादाने वाचलंय. आधी फर्स्ट नावाच्या लिफ्टच्या वरच्या थांब्याहून दोन-अडीच तास चालत चढावं लागतं, हे त्याने वाचलेलं नाही. आईला चालायचंच असेल तर गुलाबी पाट्यांच्या वाटा बघा. त्या हिवाळ्यात पायी फिरणाऱ्यांसाठी साफ करून ठेवलेल्या असतात.

जेवणाचं आधीच सांगून ठेवते. चीज फोंद्यूत, म्हणजे वितळवलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते, बहुधा किर्श ही चेरीची दारूही. आईचा सोमवार असो वा नसो, तिला हे टेबलावर बसल्यावर कळू नये. किसलेल्या बटाट्याची रोश्टी मागा, वरचं अंडं आणि बेकन नको म्हणा. जीन्स घालून बर्फात जाऊ नका, कापड भिजतं आणि मग दिवस संपतो. स्की, बूट, हेल्मेट इथे भाड्याने मिळतात. पणजीत शोधत फिरू नका.

"मग गुलमर्गच का नको?" असं वहिनी विचारते, आणि प्रश्न रास्त आहे. तिथे पायथ्याचा उतार नवशिक्यांना छान, आणि गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या डब्यांचा, दुसरा टप्पा जवळजवळ ४००० मीटरवर नेतो, तिथे पट्टीचे लोक जातात. मधल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, फारसं काही नाही. नवशिकेच असाल तर खुशाल गुलमर्गला जा, व्हिसाचा खटाटोप वाचेल.

राहता राहिली तारीख. मेच्या सुट्टीत येऊ म्हणू नका. एप्रिलमध्ये बहुतेक उतार बंद होतात आणि मग झेरमाट किंवा ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्सची हिमनदीच उरते, ती शिकायची जागा नव्हे. नुसता बर्फ बघायचा तर मेमध्येही युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटरवर, तो असतोच. नाताळात यायचं तर वेंगेनला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरलेला असतो, आणि बर्फाचा भरवसा कमी. जानेवारीच्या मध्यावर वेंगेनला लाउबरहॉर्नची स्की-शर्यत असते, तेव्हा खोली मिळत नाही. ती संपल्यावर, इथल्या शाळांच्या फेब्रुवारीतल्या सुट्ट्या लागायच्या आत या. मुलांची शाळा बुडेल, ते दादाने बघावं. आणि प्रवासाच्या विम्यात हिवाळी खेळ वेगळे घालून घ्या, बऱ्याच पॉलिसींत ते धरलेले नसतात. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर ते बिल फोंड्यात बसून फेडायचं नाही.