एव्हा गार्डनरच्या गावी: स्मिथफील्डची एक दिवसाची फेरी

हॉलिवूडची अभिनेत्री एव्हा गार्डनर समजून घ्यायची तर हॉलिवूडआधी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं जॉन्स्टन काउंटी आणि तिथलं स्मिथफील्ड बघावं. नकाशात शोधताना राज्याचं नाव नक्की घाला. व्हर्जिनियातही स्मिथफील्ड आहे आणि फोन खुशाल तिकडचा रस्ता दाखवतो. राज्याची राजधानी रॅली, तिथून हे स्मिथफील्ड सुमारे 30 मैलांवर आहे. अ‍ॅमट्रॅक या अमेरिकी प्रवासी रेल्वेची गाडी शेजारच्या सेल्माला थांबते, पण पुढे फिरायला वाहन मिळणं कठीण. रॅलीतूनच भाड्याची गाडी घेतलेली बरी.

सुरुवात ग्रॅबटाउनपासून करा. स्मिथफील्डच्या पूर्वेला सात-आठ मैलांवरच्या या वस्तीत 24 डिसेंबर 1922 ला तंबाखू पिकवणाऱ्या कुटुंबात तिचा जन्म झाला. सात भावंडांत ती धाकटी. तिथे बघण्यासारखी इमारत शोधू नका, शेतं बघा आणि खासगी आवारात शिरू नका. जवळच्या ब्रॉग्डेनला शिक्षिकांच्या राहण्याचं घर होतं. तिची आई ते चालवायची आणि एव्हाचं बालपण तिथेच गेलं.

मग स्मिथफील्डमध्ये ईस्ट मार्केट स्ट्रीटवरच्या एव्हाच्या संग्रहालयात जा. दोन तास तरी हाताशी ठेवा. रविवारच्या वेळा वेगळ्या असू शकतात, आधी फोन करा. टॉम बँक्स या चाहत्याने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून हा संग्रह उभा राहिला. पोशाख, पोस्टर्स आणि बर्ट फायफर या डच चित्रकाराने काढलेली तिची चित्रं सावकाश बघा. जुनं कापड उजेडाने विरतं, म्हणून एखादा ठरावीक पोशाख बघायचा असेल तर तो सध्या मांडलाय का, हेही फोनवरच विचारा.

जायच्या आधी 1946 चा 'द किलर्स' आणि 1953 चा 'मोगॅम्बो' बघून ठेवा. ऑस्करचं तिचं एकमेव नामांकन 'मोगॅम्बो'साठीचं. आपल्या वाचकांनी 1956 चा 'भोवानी जंक्शन'ही बघावा. गोष्ट भारतातल्या रेल्वेच्या गावची, चित्रीकरण मात्र लाहोरला झालं. 1951 च्या 'शो बोट'मध्ये पडद्यावर तिच्या तोंडी ऐकू येणारं गाणं गायिका अ‍ॅनेट वॉरेनचं आहे. एव्हाने गायलेलं ऐकायचं तर त्या चित्रपटाची त्या वेळची तबकडी मिळवा.

सनसेट मेमोरियल पार्क ही दफनभूमी शेवटी ठेवा, दुपारचं ऊन उतरल्यावर. तिथे मोठं स्मारक शोधत फिरलात तर चुकाल. गार्डनर कुटुंबाची जागा शोधा. स्पेन आणि लंडनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेली एव्हा 25 जानेवारी 1990 ला लंडनमध्ये गेली. तिला पुरलं मात्र इथे, आईवडील आणि भावंडांच्या शेजारी.