पन्नासच्या वेगाने क्रूगर

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात भाड्याची गाडी घेऊन आपलं आपण फिरता येतं, जिप्सी नाही, गाइड नाही, हे घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आणि बाथरूमचं काय?" मुलं हसली. पुढे नकाशा पसरून रोजचा रस्ता आखायला बसले तेव्हा लक्षात आलं की सगळ्या तयारीत याच प्रश्नाने मला सर्वांत जास्त मदत केली. उद्यानात गाडीतून खाली उतरायला बंदी. उतरायचं ते मुक्कामाच्या कॅम्पमध्ये, कुंपण नसलेल्या पण ठरवून दिलेल्या पिकनिकच्या जागी, आणि काही मोजक्या पॉइंटवर. सत्तरीच्या सासूबाई आणि तिसरीतला मुलगा बरोबर असताना आमचं वेळापत्रक सिंहांनी नव्हे, स्वच्छतागृहांनी ठरवलं.

मे महिना निवडला तो शाळेच्या सुट्टीमुळे, पण तो तिकडेही सोयीचा निघाला. आपल्याकडे उन्हाळा तेव्हा तिकडे हिवाळ्याची सुरुवात. पाऊस थांबलेला, गवत वाळू लागलेलं, जनावरं पाण्याकडे येऊ लागलेली. शिवाय तिथल्या शाळांची हिवाळी सुट्टी जूनअखेरीस लागते, त्यामुळे मेमध्ये कॅम्पमध्ये खोल्या मिळतात. मुक्कामाचं आरक्षण राष्ट्रीय उद्यानांच्या संकेतस्थळावर अकरा महिने आधी उघडतं. लोअर साबीसारखे नदीकाठचे कॅम्प लवकर भरतात, तेव्हा तिकिटाआधी खोल्या धरल्या. आणखी एक, खोली घेताना तिच्यात स्वयंपाकघर आहे का, भांडी आहेत का, हे नीट वाचावं. काही झोपड्यांत नुसता फ्रिज असतो आणि चूल सगळ्यांची मिळून.

व्हिसाची फाइल जाड झाली, पण अवघड नव्हती. मुलांसाठी आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. आपला महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हीत असल्याने भाषांतराची भानगड वाचली. विमान दुबईमार्गे घेतलं. पूर्व आफ्रिकेतून जाणारं तिकीट स्वस्त होतं, पण तिथे थांबा लांबला तर यलो फीव्हरच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात, आणि साठीनंतर ही लस देताना डॉक्टर दहादा विचार करतात. मलेरियाच्या गोळ्या मात्र सगळ्यांनी घेतल्या. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं, थंडीत धोका कमी होतो, पण मेमध्ये तो पुरता गेलेला नसतो.

गाडी चालवायला आम्ही दोघांनीही आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. वर्षभर चालतो, फी हजार रुपये. भाड्याची गाडी घेताना मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर अनामत अडकवून ठेवतात. नवऱ्याला मोठी फोर-बाय-फोर हवी होती. गरज नाही. क्रूगरचे मुख्य रस्ते डांबरी आहेत, आतले मातीचे रस्तेही साध्या गाडीला झेपतात. फक्त गाडी जरा उंच असावी, म्हणजे गवतावरून नजर जाते. काच आणि टायरचा वेगळा विमा घेतला. मातीच्या रस्त्यावर खडे उडतात.

जोहान्सबर्गला रात्र काढून सकाळी निघालो. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, त्यामुळे पहिला चौक ओलांडला आणि खांदे सैल झाले. एन-१२ महामार्गावरून एन-४ ला लागायचं, पुढे मबोम्बेला शहर आणि तिथून क्रूगरचं मालेलाने गेट. चारशेच्या वर किलोमीटर. मिडलबर्गजवळ अल्झू नावाचा पेट्रोलपंप आहे, त्याच्या मागे कुंपणात गेंडे, रानम्हशी आणि शहामृग पाळलेत. आमचा पहिला आफ्रिकन गेंडा आम्ही असा स्वच्छतागृहाच्या वाटेवर पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "झालं की, परत फिरूया."

मबोम्बेलाला सुपरमार्केटात तांदूळ, डाळ, अंडी, भाज्या, पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन भरले. भाजणी आणि मेतकूट पुण्याहून नेलं होतं. कॅम्पमध्ये दुकानं आहेत, पण तिथे सरपण, कोळसा आणि वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या जितक्या मिळतात तितक्या पालेभाज्या मिळत नाहीत.

मालेलाने गेटला क्रोकोडाइल नदीचा पूल ओलांडून आत जातात. खिडकीवर पासपोर्ट, आरक्षणाचा कागद, आणि रोजचं संवर्धन शुल्क. परदेशी माणसाला ते स्थानिकांपेक्षा बरंच जास्त पडतं आणि दरडोई दररोज लागतं, त्यामुळे मुक्काम लांब असेल तर वाइल्ड कार्ड नावाचं वार्षिक सदस्यत्व घेऊन हिशोब करून पाहावा. मिळालेला परवान्याचा कागद जपून ठेवायचा, बाहेर पडताना तो दाखवावा लागतो.

आत शिरल्यावर पहिली पाटी वेगाची. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ. मेमध्ये दरवाजे सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. उशीर केला तर दंड. या दोन आकड्यांत सगळी सहल बसवायची. कागदावर लोअर साबी ते सतारा (हाही कॅम्पच) सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे दोन तास. प्रत्यक्षात थांबत थांबत ताशी वीसचा वेग पडतो. म्हणून मी दिवसाला एकच टप्पा ठेवला, मध्ये एक खात्रीची उतरायची जागा, आणि दुपारी तीननंतर नवीन रस्ता पकडायचा नाही. क्रूगर सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे, आपल्या ताडोब्याचं कोअर-बफर मिळून क्षेत्र १,७२७. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सगळं बघू म्हणणारी माणसं फक्त डांबर बघून येतात. आम्ही खालचा अर्धाच भाग घेतला आणि त्यातलाही थोडाच पाहिला.

पहिल्या दिवशी सगळ्यांचे डोळे नुसते भिरभिरत होते. ताडोब्यात गाइड असतो, तो चितळाचा धोक्याचा कॉल ऐकतो, जिप्सी वळवतो, आपण कॅमेरा धरायचा. इथे कॉल आपणच ऐकायचे. मुलीने दुसऱ्या दिवसापर्यंत एक युक्ती शोधली: जनावर शोधायचं नाही, वेगळं दिसणारं काही शोधायचं. आडवी रेघ, कारण झाडं उभी असतात. हलणारा कान. सगळी इम्पाला हरणं एकाच दिशेला बघत असतील तर आपणही तिकडे बघायचं. इम्पाला इतके आहेत की मुलाने पहिल्या तासाला मोजदाद सोडली, पण तेच आमचे गाइड झाले. जिराफाच्या मानेवर बसलेल्या ऑक्सपेकर पक्ष्यांनीही दोनदा मदत केली, आधी त्यांचा आवाज आला आणि मग झाडामागची मान दिसली. जांभळ्या छातीचा रोलर, आपल्या नीलपंखाचा भाऊबंद, फांद्याफांद्यांवर बसलेला असायचा; त्याच्यासाठी थांबायला नवरा तयार नसे, सासूबाई थांबवत.

लोअर साबी ते स्कुकुझा कॅम्प हा एच ४-१ रस्ता साबी नदीच्या काठाने जातो आणि त्यावर गर्दी असते. तिथे एका वळणावर समोरच्या तीन गाड्या मागे येताना दिसल्या. रस्त्याच्या मधोमध एकटा नर हत्ती चालत येत होता. गालावर ओघळ, मागचे पाय ओले. मस्तीतला, म्हणजे मदावर आलेला. हॉर्न वाजवायचा नाही आणि शेजारून निसटायचा प्रयत्न करायचा नाही, हे वाचून ठाऊक होतं, पण वाचणं वेगळं. गाडी मी चालवत होते. रिव्हर्स टाकला आणि मागे बघत, अंतर राखत, सरळ मागे जात राहिले. माझ्या मागच्या गाडीनेही तेच केलं, तिच्या मागचीनेही. कोणी ओरडलं नाही, कोणी हात दाखवला नाही. अर्धा किलोमीटर आमची ती उलटी वरात चालली होती. मागच्या सीटवर अथर्वशीर्ष सुरू झालं होतं, आणि मुलगा हळूच विचारत होता की याला आपण गणपती म्हणायचं का. शेवटी हत्ती एका झाडाकडे वळला, फांदी मोडली आणि आमच्याकडे पाठ करून खात बसला. गाड्या सुटल्या. मी मात्र स्कुकुझाला पोहोचल्यावर किल्ली नवऱ्याकडे दिली.

सिंह सताराला दिसले, एस १०० या मातीच्या रस्त्यावर, सकाळी दरवाजा उघडल्यावर थोड्याच वेळात. त्यांच्याआधी गाड्या दिसल्या. इथली रीत अशी की इंजिन बंद करायचं, पाच-दहा मिनिटं बघायचं आणि मागच्याला जागा द्यायची. बहुतेक लोक पाळतात. एकाने छपरातून अर्धं अंग बाहेर काढलं होतं, त्याला शेजारच्या गाडीतल्या आजीबाईंनी असं काही सुनावलं की तो आत गेला. बिबट्या आम्हाला दिसलाच नाही. रानकुत्रे दिसले, थंडीत डांबरावर ऊब घेत आडवे पडलेले, आणि त्यांच्यासमोर निम्मा तास गेला. रस्त्याखालच्या मोरीत तरसाची पिल्लंही होती. तिथल्या तरसांना मोऱ्या आयत्याच बिळासारख्या मिळाल्यात.

कॅम्पमध्ये नकाशाचा फळा असतो, त्यावर रंगीत टिकल्या लावून कोणाला कुठे काय दिसलं ते दाखवतात. त्यावर गेंड्यांची टिकली नसते. शिकाऱ्यांना माहिती जाऊ नये म्हणून गेंडा कुठे दिसला ते कोणी लिहीत नाही, फोटोसोबत जागाही टाकू नये असं सांगतात. आम्हाला दिसले. इतकंच लिहिते.

एका संध्याकाळी उद्यानाची रात्रफेरी घेतली. दरवाजे बंद झाल्यावर त्यांच्या उघड्या ट्रकमधून नेतात, मुलं सहा वर्षांच्या वरची हवीत. ब्लँकेटं देतात, तरी टोपी आणि मोजे हवेतच. पहाटे आणि रात्री पारा दहाच्या आसपास येतो. मेची सुट्टी म्हणून कपाटातले स्वेटर न घेता निघू नये.

खरा उपद्रव माकडांचा. खोलीबाहेरच्या व्हरांड्यात फ्रिज असतो, त्याला कडी असते आणि ती लावायचीच. सासूबाईंनी थालीपीठ तव्यावरून ताटात काढलं आणि दही आणायला वळल्या, तेवढ्यात व्हर्व्हेट माकड ताटासकट नाही पण थालीपीठासकट छपरावर. "भाजणी आवडली म्हणायची," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढची सगळी थालीपीठं दार लावून आत खाल्ली.

सतारापासून ओर्पेन गेट ४८ किलोमीटर. शेवटच्या सकाळी पहारेकऱ्याने परवाना घेतला, डिकी उघडून पाहिली, हात केला. बाहेरच्या सरळ मोकळ्या रस्त्यावर नवरा साठने चालला होता. मागून आलेल्या ट्रकने दिवे मारले तेव्हा त्याने पाय दाबला. काचेवर खड्याचा तडा गेला होता, तो विमानतळावर गाडी परत करताना नोंदवला. विमा असल्याने अनामत पूर्ण सुटली, फक्त कार्डावर परत दिसायला दोन आठवडे लागले.