तींड बंद कर

'तींड बंद कर.' एका मालिकेच्या चौथ्या भागाच्या आमच्या मराठी सबटायटलमध्ये हे दिसलं आणि एरंडवण्यातल्या आमच्या खोलीत दोन मिनिटं नुसती हसाहशी. फाइल खाली सरकवली तसं हसू ओसरलं. 'जाती मी.' 'काल येणार होती, राहिलं.' 'फोन तीडला त्याने.'

मालिका अमेरिकन, सहा भागांची. नायिका पहिल्या तीन भागांत सगळ्यांच्या लेखी मुलगा. चौथ्यात ती घरच्यांना सांगते की आपण मुलगी आहोत. पाठवणाऱ्यांचा निरोप होता, पात्र पहिल्यापासून स्त्रीलिंगी करा. नव्या अनुवादकाने 'तो' शोधून सरसकट 'ती' घातलं. पूर्ण शब्दच बदल, असं सांगायची सोय त्या सॉफ्टवेअरला देवनागरीत नीट कळत नाही, त्यामुळे 'तोंड', 'जातो', 'होतो' सगळेच सापडले. आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून निभावलं.

पण प्रत परत आणूनही दुखणं तसंच राहिलं. इंग्रजीत 'आय वेंट' कोण म्हणतंय, बाई की बाप्या, ते क्रियापदावरून कळत नाही. मराठीत पहिल्याच वाक्याला 'गेलो' किंवा 'गेले' म्हणावं लागतं. 'गेलो' लिहिलं तर तिचं म्हणणं आपणच खोडून काढतो, 'गेले' लिहिलं तर लेखकाने तीन भाग जपलेलं गुपित तिसऱ्या मिनिटाला फोडतो.

अकरा वाजता तपासणीसाठी एक ताई आल्या. स्वतः ट्रान्स, पुण्यातल्याच. पहिला भाग थांबवून त्या म्हणाल्या, "घरी असताना आम्ही गेलो-गेले टाळूनच बोलायचो. मला जायचंय, माझं झालं, असं. हिलाही तसंच बोलू द्या."

मग दिवसभर तेच काम. भविष्यकाळ सोपा: 'जाईन', 'करीन' दोघांनाही चालतं. भूतकाळात कर्म असलं की बहुतेक वेळा सुटका होते. 'मी फोन केला' मधला 'केला' फोनच्या मागे जातो. नवखे इथेच फसतात, कारण विसरणे, शिकणे, बोलणे ही मंडळी कर्म असूनही कर्त्याचं लिंग सोडत नाहीत. 'मी इथे वाढले'चं 'माझं बालपण इथलंच' झालं. 'मी दमले'चं 'दमायला झालंय'. 'मी विसरले'ला आधी सुचलं 'माझ्या लक्षातच राहिलं नाही', पण ते वाक्य पडद्यावर जेमतेम सव्वा सेकंद. दोन ओळी, ओळीला ४२ अक्षरं ही मर्यादा पाळूनही एवढ्या वेळात ते कुणी वाचून होत नाही. शेवटी 'डोक्यातून गेलं'. एका प्रसंगात ओळीने नऊ वाक्यं 'मला', 'माझं' अशी आली आणि सरकारी अर्जासारखी वाटायला लागली. तिथे तीन वाक्यांना प्रश्नार्थक वळण दिलं.

समोरच्याचं बोलणंही अडवतं. 'कुठे गेला होतास' की 'गेली होतीस'? 'तुम्ही' आलं की प्रश्न मिटतो, 'कुठे गेला होतात' दोघांनाही लागू. नर्स, शिक्षक, बँकेतला माणूस, सगळ्यांना 'तुम्ही' दिलं. भावाला कसं देणार? त्याच्या तोंडी 'तो', 'गेलास' तसंच ठेवलं, सहाव्या भागापर्यंत. तो मुद्दाम चुकतो, ते आपण सुधारायचं नसतं. फक्त आपली चूक आणि त्याची चूक वेगळी ओळखू यावी म्हणून तक्ता केला: बोलणारा कोण, कुणाबद्दल, कितव्या भागात, त्याला ठाऊक आहे की नाही.

स्वतःला इंग्रजीत 'ही' किंवा 'शी' नको, 'दे' (they) म्हणा, असं सांगणारा एक मित्रही आहे मालिकेत. 'ते आलं' म्हणावं तर वासरू आल्यासारखं वाटतं, 'ते आले' म्हटलं की आदरार्थी पुरुष होतो. तिथे दर वेळी नावच घेतलं आणि क्रियापदाला जमेल तशी बगल दिली.

शब्दांवरून थोडी वादावादी झाली. कोर्टातल्या प्रसंगात 'पारलिंगी', गप्पांत नुसतं 'ट्रान्स'. 'तृतीयपंथी' ताईंनी खोडला: २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुरुष, स्त्री की तृतीय हे ज्याचं त्याने ठरवायचं असं म्हटलंय, आणि ही पोर स्वतःला स्त्री म्हणते. कुणीतरी 'जोगता', म्हणजे देवीला सोडलेला पुरुष, सुचवला. तो तर मुळीच नको. 'जोगवा' सिनेमात (२००९) उपेंद्र लिमयेंच्या अंगावर लुगडं येतं ते देवीच्या नावाने, त्याच्या इच्छेविरुद्ध. त्या सिनेमाला सरसकट ट्रान्स सिनेमांच्या यादीत टाकतात, ते आम्हाला पटत नाही.

चौथ्या भागात ती जेवणाच्या टेबलापाशी येऊन उभी राहते आणि म्हणते, 'आय ॲम हिअर.' इंग्रजीत साधं वाक्य. तीन भाग टाळत आणलेलं क्रियापद इथे वापरलं: 'मी आले.' ताईंनी ते तीनदा मागे नेऊन पाहिलं, काही बोलल्या नाहीत. चहा गार झाला होता.

उरली शेवटच्या भागातली आई. फोनवर विचारते, लेकरू घरी कधी येणार. 'येतोस' लिहिलं तर आईने मानलं नाही, 'येतेस' लिहिलं तर मानलं. मूळ संवादात यातलं काहीच नाही, चेहराही पाठमोरा. नवा अनुवादक 'येतेस'साठी हटून बसला, शेवट गोड व्हावा म्हणून. ताई म्हणाल्या, "आईने स्वतः अजून ठरवलेलं नाही, तुम्ही कशाला ठरवताय?"

'कधी येशील?' असं टाकून सव्वासातला फाइल पाठवली.