आमची वाटचाल : वाघ दिसो न दिसो

आमची कंपनी छोटी. कार्यालयात मोजकी माणसं, बाकी गाडीवाले आणि गाइड त्या-त्या जंगलाशेजारच्या गावांतले. राष्ट्रीय उद्यानांच्या सहली आखायच्या, परमिटं काढायची, मुक्कामाची सोय बघायची. सुरुवातीपासून फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला: "सायटिंगची, म्हणजे वाघ दिसण्याची, गॅरंटी आहे का?"

2012 हे वर्ष या धंद्यातलं कुणी विसरणार नाही. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या, म्हणजे सगळ्यात आतल्या राखीव जंगलातल्या, पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. पावसाळ्यात बहुतेक उद्यानं बंदच असतात म्हणून लगेच झळ पोचली नाही, पण दिवाळीची बुकिंगं अधांतरी लटकली. ऑक्टोबरात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि बंदी उठली. गाभा क्षेत्राचा फार तर 20 टक्के भाग पर्यटनासाठी, आणि गाड्या जंगलाला झेपतील तेवढ्याच. अनेकांनी कपाळावर हात मारला. आम्ही एवढंच ताडलं की आत जाणाऱ्या गाड्या आता वाढणार नाहीत. धंदा वाढवायचा तर आलेल्या माणसालाच जास्त दिवस राहावंसं वाटलं पाहिजे. एका रात्रीच्या धावत्या सहली आम्ही तेव्हाच बंद केल्या. आता निदान तीन रात्री, त्यात गाभ्यातल्या फेऱ्या कमी आणि बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यात, गाइडबरोबर पायी भटकंती.

पण जंगलात गर्दी होते ती एवढ्याने थांबत नाही. खरी गोम पाहुण्यांनी द्यायच्या टिपेत, म्हणजे बक्षिशीत, आहे. चितळाचा किंवा वानराचा अलार्म कॉल (वाघ जवळ असल्याची इशाऱ्याची हाक) आला, की खबर पसरते आणि एकाच वळणावर सफारीच्या जिप्सी गाड्यांची रांग लागते. मागचा ड्रायव्हर गाडी पुढे घुसवतो, वाघाची वाट अडते, तो मान वळवून झाडीत शिरतो. ड्रायव्हरला शिव्या घालणं सोपं आहे. पण वाघ दिसला तर पाहुण्याचा हात सैल सुटतो आणि नाही दिसला तर नुसतं "थँक्यू" मिळतं, हे त्याला पाठ असतं. म्हणून आम्ही टीप गाडीत द्यायचीच नाही असं ठरवलं. सहल संपताना ती एका डब्यात जमा होते आणि गाइड-ड्रायव्हर सगळ्यांत सारखी वाटली जाते, वाघ दिसो न दिसो. काही जुने ड्रायव्हर यामुळे सोडून गेले. जे राहिले ते आता इंजिन बंद करून पाणवठ्यावर निवांत थांबतात. रानकुत्र्यांची टोळी सांबरामागे लागलेली आमच्या पाहुण्यांनी पाहिली ती अशा थांबण्यातूनच. (वाघापेक्षा तो देखावा मोठा, असं माझं मत. घरात कुणी मानत नाही.)

गेटच्या आत वनखात्याचे नियम आहेत, बाहेर काय? बोअरवेल, आंघोळीच्या पाण्यासाठी जळणारी लाकडं, रात्रभर झगमगणारे दिवे, लग्नाचा डीजे. उद्यानाला खेटून उभ्या रिसॉर्टचा भार शेवटी जंगलावरच येतो. त्यामुळे मुक्काम निवडताना आम्ही खोल्यांआधी मागची बाजू बघतो: पाणी कशावर तापतं, कचरा कुठे जातो, कामाला गावातली माणसं आहेत की नाहीत.

पावसाळ्यातली बंदी आम्हाला जाचक वाटत नाही. थायलंडच्या एका राष्ट्रीय उद्यानातला माया बे हा किनारा 2018 मध्ये गर्दीमुळे बंद केला, 2022 मध्ये उघडला. मधल्या काळात तिथे प्रवाळ लावलं गेलं, काळ्या टोकाच्या परांचे शार्क परतले. आता नावा खाडीत येऊ देत नाहीत, मागच्या बाजूला थांबवतात. हक्काची सुट्टी जंगलालाही हवी. प्रश्न असतो तो त्या महिन्यांतल्या पगारांचा. गाइडना आम्ही बाराही महिने ठरावीक रक्कम देतो. ती उन्हाळ्याच्या कमाईतून बाजूला काढावी लागते आणि दरवर्षी ताण पडतोच.

सध्या डोकेदुखी बफरची आहे. गाभ्यात आवर आला तशी गर्दी तिकडे सरकली. रात्रीच्या सफारीची विचारणा सारखी होते. निशाचर प्राण्यांवर झोत मारत फिरायला आम्ही कुणाला नेत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. जाऊ दे.