भात्याचा हात आणि मिडी कंट्रोलर: तिसऱ्या महिन्याची नोंद

मिडी कंट्रोलर, म्हणजे स्वतः आवाज न काढता संगणकातील वाद्यांना स्वरांचे संदेश पाठवणारा कीबोर्ड, निवडताना पहिले दोन महिने मी पट्ट्या किती, पॅड किती, नॉब किती एवढ्याच तुलनेत घालवले. पंचवटीतील आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो. पेटीवर उजवा हात स्वर लावतो, पण त्या स्वराचा चढउतार डाव्या हाताच्या भात्यावर अवलंबून असतो. कंट्रोलरवर या डाव्या हाताला कोणते काम मिळणार, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

आकाईचा एमपीके मिनी आणि आर्टुरियाचा मिनीलॅब ३ मी हाताळून पाहिले. दोन्हींत २५ बारीक पट्ट्या आणि आठ पॅड आहेत. नाशिक ढोलाचा ठेका आणि ताशाची तर्री पॅडवर बसवायची असेल, तर मी आजही यांपैकीच एक घेईन. मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकत जाण्यासाठी, मात्र पहिल्यात अंगठ्याने ढकलायची छोटी काडी आहे, तर दुसऱ्यात स्पर्शपट्टी, आणि दोन्हींवर माझा स्वर हव्या त्या जागी थांबेना. म्हणून अखेर पेटीसारख्या पूर्ण रुंदीच्या ४९ पट्ट्यांचा, स्प्रिंगचे पिच व्हील (स्वर वरखाली सरकवणारे, सोडले की मध्यावर परतणारे चाक) व शेजारी मॉड्युलेशन व्हील (हवे ते काम जोडता येणारे दुसरे चाक) असलेला कंट्रोलर घेतला.

पिच व्हील फिरवल्यावर जाणारा पिच बेंडचा संदेश १४ बिटांचा असल्याने त्यात १६,३८४ पायऱ्या मावतात. परंतु काही उपकरणे त्यातल्या १२८ च वापरतात. बेंडची कक्षा वरखाली एकेक सप्तक ठेवली, तर अशा उपकरणावर प्रत्येक पायरी सुमारे १९ सेंटची (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) होते आणि षड्जावरून पंचमावर जाणारी संथ मींड जिना चढल्यासारखी ऐकू येते. घेण्यापूर्वी चाक अगदी सावकाश फिरवून सॉफ्टवेअरमध्ये उमटणारे आकडे जरूर पाहावेत. शिवाय बेंड त्या चॅनेलवरच्या (संदेशांच्या त्याच वाटेवरच्या) सर्व स्वरांना लागू होतो. माझा तानपुराही मींडेबरोबर सरकू लागला, तेव्हा त्याला वेगळा चॅनेल द्यावा लागला.

भात्याचे काम मी प्रथम मॉड्युलेशन व्हीलकडे सोपवले आणि त्याला ११ क्रमांकाचा एक्स्प्रेशन, म्हणजे वाजवताना आवाज कमीजास्त करणारा, मिडी संदेश जोडला. क्रमांक ७ हा एकूण आवाजाचा असून ११ त्याच्या मर्यादेतच चढउतार करतो, त्यामुळे मिक्सिंगची पातळी बिघडत नाही. अडचण निराळीच निघाली. हे चाक सोडले तिथेच थांबते, भात्यातली हवा मात्र ओसरत जाते. त्यातच मींड घेताना डाव्या हाताला दोन्ही चाके एकाच वेळी सांभाळावी लागत.

तेव्हा संगीत नाटकातील, पायाने भाता चालवायची पायपेटी आठवली. गेल्या आठवड्यापासून तोच ११ क्रमांकाचा संदेश पाठवणारे एक्स्प्रेशन पेडल पायाखाली आहे, डावा हात केवळ पिच व्हीलवर आहे, आणि भूप रागातील गंधारावरून षड्जावर उतरणारी मींड प्रथमच मनासारखी रेकॉर्ड झाली. पेडलचा वरचा एकतृतीयांश भाग अजून फार एकदम उघडतो. त्याचा वक्र, म्हणजे किती दाबल्यावर आवाज किती वाढावा याचे प्रमाण, बदलून पाहणे सुरू आहे.