सोमवारची रिकामी दोरी

त्या सोमवारी आजींनी उशीचा अभ्रासुद्धा काढू दिला नाही. उशी पोटाशी घट्ट धरून बसल्या होत्या. मी लाँड्रीची पिशवी नुसती उघडली तरी ओरडायच्या, "आज नाही! आज धुवायचं नाही!"

मी इंग्लंडच्या पूर्वेला, हल या बंदराच्या शहरात एका केअर होममध्ये काम करते. इथे ऐंशीच्या माणसालाही पहिल्या नावानेच हाक मारतात. मीही तशीच मारते, पण मनात त्या माझ्या आजीच आहेत, म्हणून इथेही तेच लिहिते. त्यांना स्मृतिभ्रंश आहे. एरवी शांत बाई, जेवण भरवताना आपला हात थोपटणारी. पण महिन्यातून एकदा असा दिवस यायचाच. आंघोळ नाही, कपडे बदलणं नाही, मळका झगा पलंगाखाली लपवलेला. आमच्या नोंदींत दर वेळी एकच वाक्य पडायचं, 'स्वच्छतेस नकार'. लघवीची तपासणी झाली, औषधांच्या वेळा बदलून झाल्या. कारण सापडत नव्हतं.

त्या दुपारी आठवणींच्या पेटीचा कार्यक्रम होता. आजी खोलीबाहेर यायला तयार नव्हत्या, म्हणून मी नंतर पेटीच त्यांच्याकडे नेली. आत जुन्या वस्तू असतात. लोखंडी इस्त्री, रेशनचं पुस्तक, अर्धा क्राउन हे जुनं नाणं, शाळेतल्या दुधाची चिमुकली काचेची बाटली.

बाटली दिसताच त्यांनी नाक मुरडलं. १९४६ पासून इथल्या शाळांत प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंट दूध फुकट मिळायचं. थंडीत ते बाटलीतच गोठायचं, मग बाई बाटल्या शेगडीजवळ ठेवायच्या, आणि त्या कोमट दुधाचा वास आजींच्या नाकात अजून आहे. रेशनच्या पुस्तकाने मात्र चेहरा खुलला. ५ फेब्रुवारी १९५३ ला गोळ्या-चॉकलेटं रेशनमधून मुक्त झाली, तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. दुकानाबाहेर पोरांची रांग लागली होती आणि मुठीतलं नाणं घामाने ओलं झालं होतं, असं त्या मला मूठ वळून दाखवत सांगत होत्या.

मग मी पेटीतली निळीची पुडी काढली. फडक्यात बांधलेली, अंगठ्याएवढी. खरं सांगायचं तर ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझ्याच पोटात कालवलं होतं. आमच्या घरी रॉबिन नीळ असायची, आई वडिलांचे शर्ट शेवटच्या पाण्यातून काढताना तिची बोटं निळी व्हायची. ती नीळ ज्या रेकिट कंपनीची, तिची सुरुवात १८४० साली याच हल शहरात झाली, हे मला इथे येऊन कळलं.

आजींनी पुडी घेतली आणि हवेतच बुडवून काढल्यासारखी खालीवर केली. आणि बोलायला लागल्या.

त्यांचं घर हेसल रोडच्या कोळी वस्तीत. रस्त्याला काटकोनात आत गेलेल्या चिंचोळ्या गल्ल्या, समोरासमोर घरं, संडास मागच्या अंगणात. सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. पहाटे पाण्याचं भांडं चढायचं, चादरी लाकडी रुळांतून पिळून निघायच्या, आणि दहापर्यंत गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढऱ्या चादरीच चादरी. पोरांना त्यांच्याखालून वाकून शाळेत जावं लागे. आई घरी मासेमारीची जाळी विणायची. जाळ्याच्या लाकडी सुयांत दोरा भरून ठेवायचं काम आजींचं आणि त्यांच्या भावाचं, त्याचे दोन पैसे मिळायचे.

वडील ट्रॉलरवर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या जहाजावर. तीन आठवडे आइसलंड नाहीतर त्याच्याही उत्तरेला, बर्फाच्या समुद्रात, आणि मग तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत खिसा रिकामा होईपर्यंत खर्च, कोपऱ्यावर जायलासुद्धा टॅक्सी. हलमध्ये या माणसांना 'तीन दिवसांचे लक्षाधीश' म्हणत. चौथ्या दिवशी भरतीच्या वेळेला वडील परत जहाजावर.

"आणि ज्या दिवशी डॅड निघायचे," आजी पुडी मुठीत आवळत म्हणाल्या, "त्या दिवशी मम धुणं काढायची नाही. धुतलं की माणूस पाण्यात वाहून जातो."

गल्लीभर चादरी आणि यांची एकटी दोरी रिकामी. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दोरीवरूनच कळायचं की या घरचा माणूस आज निघालाय. धक्क्यावर पोचवायला जायचं नाही, हात हलवून निरोप द्यायचा नाही.

१९५५ च्या जानेवारीत आइसलंडच्या उत्तरेला 'लोरेला' आणि 'रॉडरिगो' ही हलची दोन जहाजं बुडाली. दोरखंडांवर, डोलकाठ्यांवर बर्फ चढत गेला आणि त्याच्या वजनाने ती कलंडली. चाळीस माणसं गेली, एकही वाचला नाही. आजींचे वडील दुसऱ्या जहाजावर होते, ते परतले. पण दहा वर्षांच्या मुलीने दुखवट्याने भरदुपारी पडदे ओढलेली घरं पाहिली होती. "ममने त्या दिवशी धुतलं नव्हतं," हे वाक्य त्या तीन-चार वेळा म्हणाल्या.

मी गप्प बसले होते. आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. काल संध्याकाळी त्यांचा मुलगा येऊन गेला होता. तो समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला आहे, दोन आठवडे जहाजावर, दोन आठवडे घरी. जायच्या आदल्या संध्याकाळी आईला भेटून जातो, आणि सकाळच्या भरतीला त्याची बोट सुटते.

धावत ऑफिसात गेले. भेटींची वही आणि आमच्या नोंदी शेजारी ठेवल्या. सहा महिन्यांत सहा नकार, सहाही वेळा तो आदल्या दिवशी येऊन गेलेला. आज आई कोण, मुलगा कुठला हे त्यांना पुष्कळदा आठवत नाही. कुणीतरी समुद्रावर निघालंय एवढं मात्र पक्कं कळतं. इतके महिने त्या आपल्या मुलाची राखण करत होत्या आणि आम्ही त्याला नकार म्हणत होतो. याचं मला अजून वाईट वाटतं.

मी दापोली तालुक्यातली. वडील मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, चार दिवस घर दिवाळीसारखं, आणि मग रातराणीने परत. ते निघाले की आई घरात केरसुणी लावू द्यायची नाही. दारात सांडलेल्या अक्षता, पोरांनी टाकलेल्या चिरमुऱ्यांची रांग, सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच. 'जातो' म्हटलेलं तिला चालायचं नाही, 'येतो' म्हणायला लावायची. सात हजार किलोमीटरच्या आसपास आडवं अंतर असलेल्या दोन आयांनी माणूस परत यावा म्हणून घर मळकं ठेवलं. लोक याला अंधश्रद्धा म्हणतील, म्हणोत. दुसरं काय होतं त्यांच्या हातात?

संध्याकाळी पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये मी सगळं सांगितलं. केअर प्लॅनमध्ये नवी ओळ आली : मुलगा समुद्रावर निघेल त्या दिवशी कपडे, चादरी काही धुवायला न्यायचं नाही, आंघोळीचा आग्रह नाही, ओल्या फडक्याने हातपाय पुसण्याबद्दलही आधी विचारायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी स्वतःच उशीचा अभ्रा काढून माझ्या हातात दिला.

मुलाला आमच्या मॅनेजरने फोनवर कळवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मी निघतो त्या दिवशी माझी बायको मशीन लावत नाही, लग्न झालं तेव्हा ममने तिला सांगितलं होतं.